फायनान्स कंपनीकडून कर्जाची कागदपत्रे लीक झाली आहेत. आधी काय करावे आणि भरपाई कुठे मागावी?

सेतू_सेलू

नमस्कार मंडळी. सेलू तालुक्यातल्या (जि. परभणी) बऱ्याच लोकांनी एकाच खाजगी फायनान्स कंपनीकडून दुचाकी आणि ट्रॅक्टरचे कर्ज घेतले आहे. कंपनीचे नाव इथे देत नाही. गेल्या आठवड्यात सगळ्यांना तिचा मेसेज आला, काहींना ईमेलही. मजकूर असा, की आमच्या एका सर्व्हरवर अनधिकृत प्रवेश झाला, काही ग्राहकांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता आहे, काळजी करू नये. नेमकी कोणाची आणि कोणती माहिती गेली, याबद्दल एक शब्द नाही.

कर्जाच्या फाईलमध्ये प्रत्येकाची आधार-पॅनची सही केलेली झेरॉक्स, फोटो, रद्द केलेला चेक, सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, सातबारा आणि जामीनदारांचे आधार असे सगळे आहे. ज्यांना सही येत नाही त्यांचे करारावर अंगठे आहेत. लोक सेतू केंद्रावर येऊन विचारतात आणि प्रत्येकाला वेगळे उत्तर देणे बरे नाही, म्हणून नीट विचारतो.

पैसे अजून कोणाचे गेलेले नाहीत, तरी तक्रार करता येते का? आधार लॉक करा असे सगळे सांगतात, पण मग रेशनच्या मशीनवर अंगठा कसा लागणार? कंपनीकडून भरपाई मिळते का? आणि ज्यांनी कर्ज घेतलेच नाही, नुसते जामीन राहिले, त्यांनी काय करायचे?

खातेवही

कायद्याचे जाणकार सांगतील. मी खाते आणि आधारपुरते सांगतो, कारण तिथे उशीर चालत नाही.

सगळ्यांत आधी तो मेसेज जपा. कंपनीने स्वतः दिलेली ती कबुली आहे. फोनमधून डिलीट करायचा नाही. स्क्रीनशॉट असा काढायचा की पाठवणाऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ तिन्ही दिसतील. ईमेल आला असेल तर फॉरवर्ड करून भागत नाही, मूळ ईमेल इनबॉक्समध्येच राहू द्या.

मग एईपीएस. म्हणजे बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढण्याची सोय. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठ्याचा ठसा एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की त्यावर पैसे निघतात, ओटीपी लागत नाही. कागदावरच्या ठशावरून रबराचा किंवा सिलिकॉनचा नकली अंगठा करून खाती रिकामी केल्याची प्रकरणे देशात पुष्कळ झाली आहेत. तुमच्याकडे करारावर अंगठे असलेली माणसे सर्वांत धोक्यात आहेत. त्यांचे काम आधी करा.

आधार लॉक म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. एक, आधार क्रमांक लॉक करणे. ते केले की आधार क्रमांक टाकून कुठलीच ओळख पटत नाही, फक्त १६ अंकी व्हर्च्युअल आयडी, म्हणजे आधार क्रमांकाऐवजी वापरायचा तात्पुरता क्रमांक, चालतो. रेशनच्या ई-पॉस मशीनवर हे सांभाळणे अवघड, म्हणून गावातल्या माणसाला मी ते सुचवत नाही. दुसरे, बायोमेट्रिक लॉक. यात अंगठा, डोळे आणि चेहरा बंद होतो, ओटीपी चालू राहतो. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर हे होते. रेशनच्या दिवशी त्याच ॲपमधून थोड्या वेळापुरते उघडायचे, ती वेळ संपली की ते आपोआप पुन्हा बंद होते.

पण त्यासाठी आधारला मोबाईल जोडलेला हवा. म्हाताऱ्या माणसांचा बहुतेक वेळा नसतो, किंवा बंद पडलेला जुना नंबर असतो. नंबर आधार केंद्रावर बदलून मिळतो, फी ७५ रुपये. तोवर त्यांच्यासाठी दुसरा रस्ता घ्या. बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या, 'माझ्या खात्यावरून एईपीएसने होणारे डेबिट बंद करावे', आणि झेरॉक्सवर पोच घ्या. याने रेशनला धक्का लागत नाही. पीएम किसान किंवा निराधार योजनेचे पैसेही थांबत नाहीत, कारण ते आधारला जोडलेल्या खात्यात वेगळ्या मार्गाने जमा होतात. बँकेतला माणूस 'मग अनुदान बंद होईल' असे सांगून परत पाठवू शकतो. ते बरोबर नाही, अर्ज घ्यायला लावा.

यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर ऑथेंटिकेशन हिस्ट्री मिळते, मागच्या सहा महिन्यांची. कोणत्या तारखेला कोणी आधार वापरले ते त्यात दिसते. अनोळखी नोंद दिसली तर त्या पानाची प्रिंट लगेच काढून ठेवा, पुढे हीच कामाला येते.

रद्द केलेल्या चेकबद्दल. नुसत्या खाते क्रमांकाने आणि आयएफएससीने कोणी पैसे काढू शकत नाही. पण चेकचा नंबर, खात्याचा नंबर आणि झेरॉक्सवरची तुमची सही एकाच फाईलमध्ये गेली असेल तर त्याच चेकबुकाच्या पुढच्या नंबरांचे बनावट चेक छापता येतात. त्या चेकबुकातले उरलेले चेक शाखेत जमा करा किंवा स्टॉप पेमेंट द्या आणि नवे चेकबुक घ्या. ५० हजार व त्यावरच्या चेकला पॉझिटिव्ह पे, म्हणजे चेकचा तपशील बँकेला आधी कळवण्याची सोय, चालू करून घ्या. बँकेच्या ॲपमध्ये 'मँडेट' किंवा 'ई-नॅक' नावाचा भाग असतो, खात्यातून आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्या तिथे असतात, तोही बघा. कर्जाच्या हप्त्याचा एक दिसेल. दुसरा कुठला दिसला तर तो थांबवायचा.

नंतर क्रेडिट रिपोर्ट. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही आजच काढू नका. दोन आता काढा, उरलेले दोन तीन-तीन महिन्यांनी, म्हणजे वर्षभर नजर राहते. रिपोर्टमध्ये लोक फक्त स्कोअर बघतात. तुम्ही शेवटचा 'एन्क्वायरी' भाग बघा. तुमच्या नावावर कोणी कर्ज मागितले की कर्ज मिळण्याआधीच तिथे नोंद पडते. खोटे कर्ज निघाले तर त्या क्रेडिट कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे, दोन्हीकडे तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये द्यावे लागतील असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसते, दोन मिनिटांचे काम आहे.

अॅड_गोदाकाठ

खातेवही भाऊंनी बँकेचे चांगले सांगितले. आता हक्काचे.

बरेच जण म्हणतात, नवा डेटा कायदा आला, कंपनीला २५० कोटी दंड होतो, आपल्याला भरपाई मिळेल. असे नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण कंपन्यांवरची मुख्य बंधने, म्हणजे सुरक्षा ठेवणे, लीक झाल्यावर बाधित माणसाला आणि डेटा संरक्षण मंडळाला कळवणे, ही नियम आल्यापासून १८ महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू होतात. आणि त्यातला दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती गेली त्याच्या हातात त्या कायद्याने रुपयाही येत नाही. माझ्या मते ही त्या कायद्याची मोठी उणीव आहे.

आज भरपाईचा रस्ता माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३अ मध्ये आहे. नवा कायदा पूर्ण लागू झाला की हे कलम जाणार आहे. म्हणून ज्याचे खरे नुकसान झाले आहे त्याने दिवस घालवू नयेत.

४३अ मध्ये तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. गेलेली माहिती 'संवेदनशील' होती, कंपनीने वाजवी सुरक्षा ठेवण्यात हयगय केली, आणि त्यातून नुकसान झाले. पहिल्यातच लोक अडकतात. २०११ च्या नियमांत संवेदनशील माहितीची यादी आहे. पासवर्ड, बँक खाते व कार्डसारखी आर्थिक माहिती, आरोग्याची माहिती, वैद्यकीय नोंदी, लैंगिक कल, बायोमेट्रिक. नाव, मोबाईल, पत्ता, पॅन, आधार क्रमांक त्या यादीत नाहीत! त्यामुळे अर्जात 'आधार-पॅन लीक झाले' एवढेच लिहिले तर दावा तिथेच लंगडा होतो. रद्द केलेला चेक, बँक स्टेटमेंट आणि अंगठ्याचा ठसा गेल्याचे ठळक लिहा.

दावा ५ कोटींपर्यंत असेल तर तो राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांपुढे चालतो. ते या कायद्याखालचे न्यायनिर्णय अधिकारी असतात, महाराष्ट्रात मंत्रालयात. दिवाणी कोर्टात हाच दावा लावता येत नाही, कलम ६१ ने अडवले आहे. फी भरपाईच्या रकमेवर असते. १ लाखापुढच्या दाव्याला ५,००० रुपये आणि वरच्या रकमेवर २ टक्के. म्हणजे २ लाख मागितले तर ७,००० रुपये. हे मुद्दाम सांगतो, कारण उगाच ५० लाख मागून फी भरणारे असतात आणि नुकसानीची पावती २० हजारांची असते. जेवढे सिद्ध करता येईल तेवढेच मागा. निकाल मान्य नसेल तर ४५ दिवसांत टीडीसॅट या अपिलीय न्यायाधिकरणाकडे अपील.

जामीनदारांचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ४३अ मध्ये भरपाई 'बाधित व्यक्तीला' आहे, ग्राहकाला नाही. त्यामुळे जामीनदाराचे नुकसान झाले तर तो स्वतःच्या नावाने दावा करू शकतो.

ग्राहक आयोग हा दुसरा रस्ता, आणि छोट्या रकमेला तो सोयीचा. विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याला देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. हॅकरने चोरली तर कंपनी म्हणेल आम्ही दिली नाही, म्हणून 'सेवेतील त्रुटी' हाही मुद्दा सोबत घ्या. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे सेलूच्या माणसाला परभणीचा जिल्हा आयोग. कंपनीचे ऑफिस मुंबईत असो की चेन्नईत. ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षे, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. एकसारखे गाऱ्हाणे असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. ट्रॅक्टर भाड्याने चालवणाऱ्यांना कंपनी 'हा व्यवसाय आहे, तुम्ही ग्राहक नाही' म्हणेल. स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेला ट्रॅक्टर त्यात येत नाही, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा.

कुठल्याही रस्त्याने जायचे असले तरी आधी कंपनीला पत्र हवे. पैसे गेले नसले तरी हे पत्र प्रत्येकाने द्यावे. मसुदा देतो, सेतूवरून छापून द्या.

'प्रति, तक्रार निवारण अधिकारी. माझे कर्ज खाते क्रमांक अमुक. आपला दिनांक अमुकचा मेसेज मिळाला. कृपया लेखी कळवावे. १) माझ्या नोंदीतील नेमकी कोणती कागदपत्रे व माहिती बाहेर गेली. २) प्रवेश कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता आणि आपल्याला कधी कळले. ३) केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला (सर्ट-इन) कधी कळवले. ४) माहिती साठवताना एन्क्रिप्ट केली होती का, आणि आयएसओ २७००१ किंवा तत्सम सुरक्षा तपासणी शेवटची कधी झाली. ५) जामीनदारांची माहिती गेली का. या घटनेचे सर्व लॉग (सर्व्हरवरील नोंदी) व तपासणी अहवाल पुढील कार्यवाहीसाठी जपून ठेवावेत, नष्ट करू नयेत. एक महिन्याच्या आत उत्तर द्यावे.'

एक महिना हा मनाने घातलेला नाही, २०११ च्या नियमांत तक्रार निवारण अधिकाऱ्याला तेवढीच मुदत आहे. त्याचे नाव कंपनीच्या संकेतस्थळावर असावे लागते. पत्र ईमेलने पाठवा आणि स्पीड पोस्टानेही, पोहोचल्याचा पुरावा मागून. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उडवाउडवीचे आले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तिच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार. मोठ्या फायनान्स कंपन्या त्याच्या कक्षेत येतात. लोकपालाकडे आधी गेलात तर तक्रार त्याच कारणाने परत येते.

सेतू_सेलू

खूप उपयोग झाला साहेब, पत्र छापायला घेतले आहे. पण आज सकाळी एक नवीन झाले. तालुक्यातल्या एका ताईंच्या खात्यातून काल संध्याकाळी ९,५०० गेले. मेसेजमध्ये एईपीएस विथड्रॉवल असे आहे, त्या तर घरीच होत्या. खाते जिल्हा बँकेत आहे. आणि दोघांना फोन आले, 'कंपनीतून बोलतो, डेटा गेल्याची भरपाई द्यायची आहे, पाठवलेली फाईल उघडा'. फोनवाल्याला शेवटचा हप्ता किती ते माहीत होते.

निजामाबाद_रोड

ताईंचे आजच करा, या क्रमाने.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन, लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर नोंद. रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. या नोंदीने पुढच्या खात्यात पैसे पोहोचले असतील तर तिथे अडवता येतात. एईपीएसमध्ये बऱ्याचदा रोकड हातात घेऊन गेलेली असते, तरीही नोंद लागतेच, कारण कोणत्या बँक मित्राच्या मशीनवर अंगठा लागला ते त्या व्यवहार क्रमांकावरूनच सापडते.

लगेच शाखेत लेखी तक्रार. यात दिवसांचा हिशेब आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसरीकडेच माहिती फुटली, तर बँकेचा मेसेज मिळाल्यापासून ३ कामाच्या दिवसांत कळवले की ग्राहकाची जबाबदारी शून्य. मेसेज आला तो दिवस धरत नाहीत. ४ ते ७ दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० आणि शून्य शिलकीच्या मूलभूत खात्याला ५,००० पर्यंत भार ग्राहकावर. ७ दिवसांनंतर बँकेच्या धोरणावर. सहकारी बँकांनाही डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकाने हेच लागू आहे, त्यामुळे जिल्हा बँकेने 'आम्हाला लागू नाही' म्हटले तरी मागे हटू नका. कळवल्यापासून १० कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा, ग्राहकाची चूक सिद्ध करणे हेही बँकेचेच काम. अर्जात 'व्यवहार मी केलेला नाही, त्या वेळी मी अमुक ठिकाणी होते' एवढे स्पष्ट लिहा आणि पोच घेतल्याशिवाय शाखा सोडू नका.

मग पोलीस. माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याचे कलम ६६क, दुसऱ्याची ओळख वापरणे, आणि ६६ड, संगणकातून तोतयेगिरी करून फसवणूक. सोबत भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८. आयटी कायद्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारीच करू शकतो, म्हणून ठाण्यात 'परभणीला सायबरला जा' असे सांगतात. पण फिर्याद घ्यायला हद्दीचे कारण चालत नाही, झिरो एफआयआर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. घेतली नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. तेवढ्यानेही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

कंपनीच्या कर्मचाऱ्यानेच डेटा विकला असे दिसले तर आयटी कायद्याचे कलम ७२अ लागते. नुसत्या हॅकिंगला ते लागत नाही, फिर्यादीत उगाच घालू नका, त्याने फिर्याद पातळ होते.

भरपाईच्या फोनबद्दल सेतूवर मोठ्या अक्षरात लावा, कोणतीही कंपनी भरपाई देण्यासाठी फाईल उघडायला लावत नाही. ती एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल असते, एकदा बसली की फोनमधले ओटीपी तिकडे जातात. ज्यांनी उघडली त्यांनी आधी इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय व नेट बँकिंग थांबवावे, मग फोन फॅक्टरी रीसेट. त्याआधी त्या फाईलचा, नंबराचा आणि चॅटचा फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा, कारण रीसेटने सगळे पुसले जाते. तो नंबर संचार साथीच्या चक्षू या तक्रारीच्या सोयीवर द्या.

फोनवाल्याला हप्ता माहीत होता ही गोष्ट लहान नाही. माहिती खरोखर बाहेर गेली, त्याचा तो पुरावा आहे. त्या दोघांनी कॉलची वेळ, नंबर आणि काय बोलला ते आजच कागदावर लिहून सही करून ठेवावे.

अॅड_गोदाकाठ

बरोबर. त्यात दोन गोष्टी घालतो.

स्क्रीनशॉट, रेकॉर्डिंग असे कोर्टात किंवा आयोगात द्यायचे असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग असतात, एक फोनच्या मालकाने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाईलची हॅश किंमत, म्हणजे फाईलमधून निघणारा तिचा ओळख-संकेत, लिहावी लागते. म्हणून मूळ फाईल मूळ फोनमध्ये ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरलेला फोटो लहान होतो आणि त्याची हॅश मूळ फाईलशी जुळत नाही.

ताईंना वकिलाचा खर्च पेलणार नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या. महिलांना उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन १५१००.

जीएसटी_जालना

पॅन गेले आहे म्हणून एक सांगतो, हे कोणी बघत नाही. जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये पॅन टाकून शोधता येते, लॉगिन लागत नाही. शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या पॅनवर बोगस फर्म काढून बिले फाडतात आणि वर्षभराने त्याच्या घरी लाखोंची नोटीस येते. अनोळखी नोंदणी दिसली तर जवळच्या जीएसटी कार्यालयात लेखी तक्रार द्या, सोबत कंपनीच्या मेसेजची प्रत जोडा. आयकर पोर्टलवर एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरणही उघडून बघा, आपल्या पॅनवर न केलेले व्यवहार तिथे दिसतात. दोन्ही तीन महिन्यांनी परत बघावे लागते, कारण ही नोंद उशिरा पडते.

सेतू_सेलू

ताईंची १९३० ची नोंद झाली, बँकेत अर्ज दिला, पोच मिळाली. पत्रांसाठी महिनाअखेरपर्यंत थांबलो तर चालेल का? सगळ्यांची एकदम पाठवावी म्हणतो.

अॅड_गोदाकाठ

थांबू नका. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना लॉग १८० दिवसच ठेवावे लागतात, जुने पुढे पुसले जातात. सर्व्हरमध्ये शिरकाव कधी झाला ते आपल्याला माहीत नाही, मेसेज येण्याआधीच त्यातले कितीतरी दिवस गेलेले असू शकतात. लॉग जपण्याची लेखी मागणी कंपनीच्या हातात पडली आणि तरीही ते गेले, तर हयगय दाखवायला आपल्याला मोठा आधार मिळतो. उद्या जेवढी तयार असतील तेवढी पाठवा, बाकीची मागून जाऊ द्या. ताईंचे पत्र पहिले, आणि त्यात एईपीएसच्या व्यवहाराची तारीख, रक्कम व व्यवहार क्रमांक घाला.